पंखा सुरू ठेवून स्वयंपाक: इलेक्ट्रिक ग्रिलवर रोजचं जेवण

मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात उभं राहणं काय असतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेर पारा ४५ च्या पुढे, पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली, आणि गॅस पेटवला की पंखा बंद करावा लागतो, कारण वाऱ्याने ज्योत हलते नाहीतर विझते. कूलर असतो बैठकीत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की पोळ्या लाटता लाटता घाम कोपरापर्यंत येतो. आमच्याकडे टेबलावरचं इलेक्ट्रिक ग्रिल आलं ते याच कारणाने. त्यात ज्योत नाही, त्यामुळे डोक्यावर पंखा फिरता ठेवून स्वयंपाक होतो. ते ओट्यावरच असायला हवं असंही नाही. योग्य सॉकेट असेल तर जेवणाच्या टेबलावर, खिडकीजवळ, कूलरच्या वाटेतही ते ठेवता येतं.

चार वर्षांत या ग्रिलवर आमच्या पाच जणांच्या घरातलं आठवड्याचं तीन-चार वेळचं जेवण होतं. भात, वरण, पोळी गॅसवरच. बाकीचं कोरडं, भाजलेलं, खमंग ते ग्रिलवर. बहुतेक घरांत हे मशीन सहा महिन्यांनी माळ्यावर जातं, कारण त्यात सँडविचपलीकडे काही केलं जात नाही आणि जे केलं जातं ते चिकटतं किंवा पांढरट, वाफवल्यासारखं होतं. त्यामागे जवळजवळ नेहमी एकच कारण असतं, पदार्थातलं पाणी. ते पुढे नीट सांगते. आधी मशीन.

कोणतं घ्यायचं

दुकानात दोन प्रकार दिसतात. एक उघडं, फक्त खालून तापणारं. दुसरं वर-खाली दोन प्लेटांचं, झाकण लावून दोन्हीकडून भाजणारं. घरासाठी दुसरं घ्या. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उष्णता लागते, म्हणून वेळ जवळपास निम्मा होतो आणि उलटायची कटकट वाचते. त्रिकोणी खाचा असलेला सँडविच टोस्टर वेगळा. त्याच्यात ब्रेडशिवाय दुसरं काही नीट होत नाही.

विकत घेताना झाकण हाताने उचलून बघा. चांगल्या ग्रिलची बिजागरी सैल असते, म्हणजे जाड पदार्थ ठेवला तर वरची प्लेट तिरपी न होता सरळ वर उचलली जाते. बिजागरी घट्ट असेल तर मागची कड दाबली जाते, पुढची अधांतरी राहते, आणि एकाच पनीरच्या तुकड्याची एक बाजू काळी, दुसरी कच्ची. तापमान कमी-जास्त करायचं बटण हवंच. प्लेटा निघणाऱ्या असतील तर थोडे पैसे जास्त पडले तरी द्या, पुढे धुताना रोज आठवण येईल. झाकण पूर्ण १८० अंशांत उघडत असेल तर दोन तवे शेजारी मांडल्यासारखं वापरता येतं. तळाशी रस आणि चरबी गोळा करणारी तबकडी आहे का, आयएसआयची खूण आहे का, हेही पाहा. वॅट १५०० च्या आसपास असावेत. ७०० ते ८०० वॅटचं छोटं ग्रिल ब्रेड छान भाजतं, पण ओला पदार्थ ठेवला की प्लेट थंड पडते आणि परत तापेपर्यंत पदार्थ उकडून निघतो.

कुठे लावायचं, हे आधी ठरवा

आपल्या घरांत दोन मापांचे सॉकेट असतात, साधे ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे फार तर १३८० वॅट. १५०० वॅटचं ग्रिल त्यावर लावूच नये, ते मोठ्या सॉकेटलाच लागतं. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. आमचं ग्रिल आलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी ते जेवणाच्या टेबलाजवळ एका साध्या बोर्डावर लावलं. वीस मिनिटांनी पिन काढायला गेले तर प्लगचं प्लास्टिक बोटाखाली मऊ लागलं आणि बोर्डाच्या भोकांभोवती तपकिरी कडं उमटलेलं होतं. त्या दिवशी काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. इलेक्ट्रिशियन बोलावून टेबलाजवळ स्वतंत्र जाड तारेचा १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. ग्रिलवरचा पहिला खर्च हाच समजा, आणि अर्थिंग आहे का हे त्याच फेरीत तपासून घ्या.

घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे चालत नाही. वीज गेली की वाट पाहायची.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. संध्याकाळी साऱ्या मोहल्ल्याचे कूलर, एसी सुरू झाले की काही भागांत व्होल्टेज उतरतं. तापणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २३० चे २०० झाले तर १५०० वॅटचं ग्रिल साधारण ११३० वॅटचंच काम करतं, म्हणजे चौथा हिस्सा गेला. दुपारी पाच मिनिटांत झालेलं पनीर रात्री आठला सात मिनिटं घेतं, ते यामुळे. म्हणून या लेखातल्या मिनिटांवर डोळे मिटून विसंबू नका, खाली सांगितलेल्या खुणा बघा.

विजेचा हिशेबही करून ठेवा. १५०० वॅटचं ग्रिल सलग वीस मिनिटं चाललं तर अर्धं युनिट. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट मधेमधे बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, वर लटकतं कपाट किंवा पडदा नको. पहिल्यांदा वापरताना प्लेटा ओल्या फडक्याने पुसून, कोरड्या करून, थेंबभर तेल चोळून रिकामं ग्रिल दहा मिनिटं तापवा. नव्या मशीनचा वास आणि थोडा धूर तेव्हाच निघून जातो. खिडकी उघडी ठेवा.

पाणी काढल्याशिवाय रंग येत नाही

आता मुख्य गोष्ट. पाणी १०० अंशांना उकळतं. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या वर जात नाही, खालची प्लेट २०० अंशांची का असेना. आणि भाजल्याचा तो बदामी रंग, तो वास, ती चव येते साधारण १४० अंशांच्या पुढे. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं पहिलं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. प्रथिनं आणि साखर तापून एकमेकांशी जुळतात आणि शेकडो नवे वास तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेलं चिकन, खरपूस पनीर, साऱ्यांच्या मुळाशी तेच आहे.

तव्यावर पाण्याला वर मोकळं आकाश असतं, ते उडून जातं. बंद ग्रिलमध्ये वरून झाकण आहे. ओला पदार्थ ठेवला तर वाफ दोन प्लेटांत कोंडते आणि पदार्थ शिजतो, भाजला जात नाही. म्हणून ग्रिलवर ठेवण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे.

पनीर, चिकन, मासा, धुतलेली भाजी, काहीही असो, स्वच्छ सुती पंच्यात गुंडाळून दाबून टिपा. हात फिरवला तर ओलावा लागू नये इतकं. मॅरिनेशनसाठी दही वापरायचं तर ते कापडात बांधून दोन तास टांगून ठेवा, चक्का झाला की मग मसाला कालवा. पातळ दही लावलेलं पनीर कधीच नीट भाजलं जात नाही. ताकासारखं पाणी प्लेटवर सुटतं, करपतं आणि पदार्थ तिथेच चिकटतो. भाजीला मीठ आधी लावू नका, मिठाने पाणी सुटतं. ग्रिलवरून काढल्यावर लावा. वांगं त्याला अपवाद, ते पुढे येईल.

तुकडे गर्दी करून मांडू नका. दोन तुकड्यांत बोटभर जागा ठेवा, वाफेला वाट मिळते. चार जणांचं जेवण एका घाण्यात उरकायचा मोह होतो, पण दोन घाणे केलेले लवकर होतात. भरगच्च घाणा दुप्पट वेळ घेतो आणि तरी पांढराच राहतो.

मशीन नीट तापलं पाहिजे. झाकण बंद करून पाच ते सात मिनिटं. दिवा विझला म्हणजे तापलं असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण मी आणखी दोन मिनिटं थांबते, कारण दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा प्लेटच्या कडा मधल्या भागाइतक्या तापलेल्या नसतात. बोटाच्या टोकाने पाण्याचा थेंब टाका. तो पसरून उकळला तर वेळ आहे, मोत्यासारखा होऊन नाचत पळाला तर ठेवा पदार्थ. मात्र रिकामं ग्रिल पूर्ण आचेवर तासभर तापत ठेवू नका. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर चांगला नाही.

आता कान द्या. ओला पदार्थ ठेवला की जोरात चर्र आवाज येतो आणि बाजूंनी पांढरी वाफ सुटते. तोवर आत पाण्याचंच राज्य असतं. तेव्हा झाकण उघडून बघायचं नाही. उघडलं की उष्णता जाते आणि कच्चा पापुद्रा प्लेटला लागून फाटतो. दोन-तीन मिनिटांनी वाफ विरळ होते, आवाज बारीक होऊन तडतडल्यासारखा येतो, आणि मग वास बदलतो, उकडल्याचा जाऊन भाजल्याचा येतो. उघडायची वेळ ती. त्या वेळी पदार्थ प्लेटला आपोआप सुटलेला असतो. उलथन्याने उचलताना ओढ लागत असेल तर जबरदस्ती न करता अर्धं मिनिट पुन्हा झाका. हा आवाज चार-पाच वेळा लक्ष देऊन ऐकलात तर घड्याळाची गरज उरत नाही.

तेल

तेल प्लेटवर ओतू नका, पदार्थाला लावा. खाचांत साचलेलं तेल नुसतं जळतं. चार जणांच्या पनीरला दोन चमचे शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल हाताने चोळलं की पुरतं. लोणी लवकर जळून कडू होतं, हवंच असेल तर शेवटी वरून. तूप चालतं. जवसाचं तेल मात्र तापवायचं नाही, ते जेवताना वरून घ्यावं. डब्यातल्या फवाऱ्याच्या तेलांपासून दूर राहा. त्यात मिसळलेले पदार्थ नॉनस्टिकवर चिकट पिवळा थर धरतात आणि तो कशानेच निघत नाही.

सुरुवात पनीरने करा

पहिल्या आठवड्यात फक्त पनीर करा, हात बसतो. तुकडे दीड सेंटिमीटर जाडीचे, सगळे सारखे. करंगळीच्या जाडीइतके, असं धरा. अर्धा किलो पनीरला चार चमचे चक्का, एक चमचा आलं-लसूण, एक चमचा भिवापुरी मिरचीचं तिखट, हळद, मीठ, दोन चमचे तेल आणि एक मोठा चमचा कोरडं भाजलेलं बेसन. बेसन मसाल्याला धरून ठेवतं आणि उरलेलं पाणी शोषतं. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिचा रंग असा येतो की वेगळा रंग घालायची गरजच पडत नाही.

अर्धा तास मुरू द्या, जास्तीचा मसाला निथळू द्या, आणि पूर्ण आचेवर चार ते पाच मिनिटं. झाकण नुसतं टेकवायचं, हाताने दाबायचं नाही. दाबलं की पनीरमधलं पाणी बाहेर येतं आणि तुकडा रबरासारखा होतो. काढल्यावर वरून संत्र्याचा रस पिळा. संत्र्याचा रस आधी मसाल्यात घालायची चूक बरेच जण करतात. त्यात साखर असते, ती प्लेटवर जळते आणि कडवट काळे डाग पडतात. गूळ, मध, टोमॅटो सॉस यांचंही तेच. गोड जे काही असेल ते भाजून झाल्यावर.

भाज्या

ढोबळी मिरचीच्या रुंद फोडी, कांद्याच्या जाड चकत्या, मशरूम, फुलकोबीचे उभे काप, हे सारं पाच-सहा मिनिटांत होतं. कांद्याची चकती मधोमध टूथपिकने टोचली तर पाकळ्या सुटत नाहीत. आलू कच्चे ठेवू नका. आधी सालासकट निम्मे उकडा, गार करा, जाड चकत्या करा, मग सहा मिनिटं. हिरव्या मिरच्यांना उभी चीर द्या, नाहीतर फुटून डोळ्यांत उडतात. भेंडी अख्खी, देठ काढून, कोरडी करून ठेवा. तिचा चिकटपणा पूर्ण जातो आणि मुलंसुद्धा मागून घेतात. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून आणलेली कोवळी भेंडी आमच्याकडे अशीच संपते, भाजी करायला उरत नाही.

भरीत, धुरासकट

वांग्याचं भरीत ग्रिलवर होतं का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. होतं, पण थोडी मेहनत घ्यावी लागते.

पहिल्यांदा केलं तेव्हा वांगं मऊ झालं, साल सुटली, सगळं व्यवस्थित वाटलं. सासूबाईंनी एक घास घेतला, पोळी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "झालं चांगलं, पण धूर कुठी गेला याचा?" त्यांचं माहेर भिवापूरच्या बाजूचं, शेतात तुराट्यांच्या जाळावर भाजलेलं भरीत खात मोठ्या झालेल्या. त्यांचं बरोबर होतं. विजेच्या प्लेटेत ज्योत नाही, निखारा नाही, धूर येणार कुठून. मग त्यांनीच उपाय सांगितला.

भरताचं मोठं वांगं उभं चिरून दोन भाग करा. कापलेल्या बाजूवर सुरीने आडव्या-उभ्या खोल रेघा मारा, सालीला भोक पडू देऊ नका. मीठ चोळून पंधरा मिनिटं उपडं ठेवा. इथे मात्र मीठ आधीच लावायचं, कारण वांग्यातलं पाणी बाहेर काढायचंच आहे. सुटलेलं पाणी टिपून घ्या, तेल चोळा, रेघांत लसणाच्या चार पाकळ्या खोचा आणि कापलेली बाजू खाली करून ठेवा. झाकण हलकं टेकवा. मध्यम आचेवर अठरा ते वीस मिनिटं. वांगं हळूहळू बसत जातं आणि त्याच्याबरोबर झाकणही खाली येतं. साल कागदासारखी कडक झाली आणि देठाजवळ चमचा सहज रुतला की झालं. मिरच्या शेवटची चार मिनिटं बाजूला ठेवा.

आता धूर. गर काढून पातेल्यात घ्या, मधोमध स्टीलची छोटी वाटी ठेवा. गॅसवर जाळी ठेवून लाकडी कोळशाचा एक तुकडा लाल होईपर्यंत तापवा, चिमट्याने वाटीत टाका, वर अर्धा चमचा तूप सोडा आणि लगेच घट्ट झाकण. तीन ते चार मिनिटं, जास्त नाही, नाहीतर कडवटपणा येतो. कोळसा बंद खोलीत पेटता ठेवायचा नाही, खिडकी उघडी असू द्या, आणि काम झाल्यावर तो पाण्यात विझवा. मग नेहमीसारखं कच्चं तेल, कांद्याची पात, भाजलेले शेंगदाणे, भाजलेली मिरची-लसूण आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी काही विचारलं नाही, वाटी पुढे केली.

हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, वांगं कोवळं आणि कमी बियांचं मिळतं. भरीत तेव्हाच करा. उन्हाळ्याचं वांगं बियाळ निघतं, त्याच्या चकत्या करून भाजा.

चिकन

हाडाचं चिकन बंद ग्रिलवर करू नका. हाडाजवळचं मांस शिजेपर्यंत बाहेरचं कोरडं होतं, आणि उंचसखल तुकड्यावर झाकण नीट टेकत नाही. बोनलेस घ्या, त्यातही छातीपेक्षा मांडीचं. त्यात चरबी थोडी जास्त असते, एखादं मिनिट जास्त झालं तरी वाळत नाही. छातीचा तुकडा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता असतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खलबत्त्यातल्या बत्त्याने हलके ठोके द्या, सगळीकडे दीड सेंटिमीटर जाडी आली पाहिजे. इतकं केलं की निम्मं काम झालं.

सावजी मसाला लावावा का? नागपुरात हा प्रश्न येणारच. माझा अनुभव सांगते, लावू नका. सावजी मसाल्यात खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरी असे आधीच गडद भाजलेले जिन्नस असतात. ते तापलेल्या प्लेटला थेट लागले की दुसऱ्यांदा भाजले जातात आणि जळतात, खोबरं तर मिनिटभरात. चिकनला चक्का, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ आणि तेल एवढंच लावा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. सावजीचा रस्सा वेगळा करा, पातळ, वर तर्री आलेला, आणि भाजलेल्या चिकनवर जेवताना ओता. भाजल्याची चव टिकते, मसालाही जिवंत राहतो. आमच्याकडे रविवारी हेच होतं, भाकरीबरोबर.

पूर्ण आचेवर छातीला सहा ते सात मिनिटं, मांडीला आठ-नऊ. रंगावर विसंबू नका. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर घ्या, तुकड्याच्या सर्वांत जाड भागात मधोमध टोचा, ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. तो नसेल तर जाड भाग चिरून बघा, रस पारदर्शक हवा, गुलाबी नको. मग ताटात काढून चार मिनिटं तसंच ठेवा. लगेच कापलं तर सगळा रस ताटात वाहून जातो. कच्चं चिकन ज्या भांड्यात मुरवलं त्यात भाजलेलं परत ठेवायचं नाही, आणि त्यातला उरलेला मसाला वरून लावायचा नाही.

मासा

भंडारा-गोंदियाच्या तलावांतले रोहू, कतला आपल्याकडे मिळतात. त्यांचे काप दोन सेंटिमीटरचे करून घ्या. हळद, मीठ, तिखट, लिंबू लावून दहा मिनिटंच ठेवा, लिंबात जास्त राहिला तर मासा भुसभुशीत होतो. टिपून कोरडा करा, तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ थर द्या, भरपूर तेल चोळा. पाच ते सहा मिनिटं. मासा तुटतो म्हणून खाली बेकिंग पेपर घातला तरी चालतो. बटर पेपर म्हणून जो साधा कागद मिळतो तो नव्हे, उष्णता सोसणारा, आणि तो किती अंशांपर्यंत चालतो ते पाकिटावर वाचून.

हे ग्रिलवर करू नका

थालीपीठ तव्यावरच करावं, झाकणाच्या दाबाने त्याचा भुसभुशीतपणा जातो. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातले. त्यांची चव राखेतून आणि मंद, चहूबाजूंच्या उष्णतेतून येते, दोन प्लेटांत ते नुसते कडक होतात. सांभारवडीला तळणच हवं. पातोड्या मात्र छान होतात, उकडून गार केलेल्या, तेलाचा हात लावून चार मिनिटं, कडा कुरकुरीत.

चार-पाच जणांचं जेवण, क्रमाने

आमच्या घरात सासूबाई मांसाहार करत नाहीत, म्हणून भाज्या आणि पनीर आधी, चिकन-मासा शेवटी, यात कधी बदल नाही. स्वयंपाकाच्या दृष्टीनेही तेच बरं, कारण आधी कमी मसाल्याचं भाजलं की प्लेट स्वच्छ राहते. रात्री नऊच्या जेवणासाठी साडेसातला वरण-भाताचा कुकर लावते. चिकन भाजण्याआधी थोडाच वेळ फ्रिजबाहेर काढते, म्हणजे गारवा थोडा उतरतो. उन्हाळ्यात वीस मिनिटांच्या वर बाहेर ठेवत नाही. आठला ग्रिल तापायला. आठ-दहाला भाज्यांचा घाणा, मग पनीरचे दोन. भाजलेलं स्टीलच्या डब्यात घालते, झाकण तिरपं ठेवून. पूर्ण बंद केलं तर वाफेने सगळं मऊ पडतं. पावणेनऊला चिकन, तोवर पोळ्या. दोन घाण्यांच्या मधे लाकडी उलथन्याने प्लेट खरवडायची आणि ती परत तापायला दोन मिनिटं द्यायची. घाई झाली की लोक नेमकी हीच दोन मिनिटं गाळतात, आणि दुसरा घाणा चिकटतो.

सफाई

प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. फार गरम असताना पाणी टाकलं तर लेप तडकतो, अगदी गार झाल्यावर मसाला सिमेंटसारखा बसतो. हात वर धरला तर ऊब लागते पण चटका नाही, तेव्हा जुना सुती पंचा ओला करून, पिळून, चौघडी घालून दोन प्लेटांमध्ये ठेवा आणि झाकण लावा. पाच मिनिटांत वाफेने सगळं सुटतं, मग पुसून काढा. खाचांत अडकलेलं काढायला जुना मऊ टूथब्रश. तारेची घासणी, सुरी, राख, काहीही नको. प्लेटा निघत असतील तर मऊ स्पंजने साबणाच्या पाण्यात, नसतील तर मशीन कधीही नळाखाली धरू नका.

खालची तबकडी त्याच रात्री धुवा. नागपूरच्या उन्हाळ्यात तुपाचा थेंब राहिला तरी सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते, पावसाळ्यात झुरळं. प्लेटा पूर्ण वाळल्यावर मधे कोरडा कागद घालून झाकण मिटा, वायर मशीनभोवती घट्ट आवळू नका, सैल गुंडाळी करून बाजूला ठेवा. प्लग जिथे वायरला जुळतो तिथलं रबर महिन्यातून एकदा बघत जा. कडक किंवा तडकलेलं दिसलं की वायर बदलून घ्या, आणि तोवर ते लावू नका.